वारसाचे कागद : ताई महाराज प्रकरण, दादासाहेब खापर्डे आणि वऱ्हाडातली इस्टेट

वऱ्हाडावर संशोधन करायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी तीनच स्टेशनांवर थांबते. कापूस, स्वातंत्र्य चळवळ आणि संत. तिन्ही विषय चांगलेच आहेत, पण तिथे गर्दी फार झालीय. तुम्ही पेटची तयारी करत असाल, विषयाचा आराखडा अजून पक्का नसेल, तर एक चौथा विषय सुचवतो: घरची मिळकत पुढच्या पिढीकडे कशी जाते, आणि ती नीट जावी म्हणून माणसं जिवंतपणी काय काय करून ठेवतात.

आज याला इस्टेट प्लॅनिंग म्हणतात. फॅमिली ट्रस्ट काढा, मृत्युपत्र करा, नॉमिनी भरा. आपले आजोबा-पणजोबा याला 'मागची सोय' म्हणायचे. शब्द वेगळा, काम तेच. वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, देवस्थानाला दिलेली जमीन, हे सगळे त्याच कामाचे कागद. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते फार उपयोगी पडतात, कारण त्यात घरातला कर्ता माणूस सहसा न बोललेलं लिहून जातो: कुणावर विश्वास आहे, कुणावर नाही, बायकोच्या हातात किती द्यायचं, भावाला कितपत लांब ठेवायचं.

पण सुटे सुटे नियम सांगून हे डोक्यात बसत नाही. म्हणून एक प्रकरण घेऊ. घर पुण्याचं, पण त्यातला एक महत्त्वाचा माणूस अमरावतीचा. ताई महाराज प्रकरण. नाव तुम्ही ऐकलं असेल, टिळकांच्या चरित्रात येतं. बहुतेक जण ते प्रकरण 'सरकारने टिळकांना छळलं' एवढ्यावर वाचतात आणि पान उलटतात. आपण ते एका घराच्या मिळकतीचं प्रकरण म्हणून वाचू.

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार, टिळकांचे स्नेही. ७ ऑगस्ट १८९७ रोजी ते अत्यवस्थ होते. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी ते गेले. आता जरा तारखा जुळवून बघा. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली २७ जुलैला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला ४ ऑगस्टला. म्हणजे जामिनावर सुटून पुरता आठवडाही झाला नव्हता, तेव्हा हा माणूस एका सरदार घराण्याचा विश्वस्त झाला. १४ सप्टेंबरला टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि विश्वस्त तुरुंगात गेले. मरणाऱ्या माणसाने विश्वासू मित्र निवडला हे खरं, पण सरकारच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपणारा माणूस निवडला हेही तितकंच खरं. पुढची निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते, असं माझं मत आहे.

मृत्युपत्रात काय होतं? पत्नी गरोदर आहे. मुलगा झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर घराण्याचं नाव चालावं म्हणून पत्नीने विश्वस्तांच्या संमतीने शास्त्राप्रमाणे मुलगा दत्तक घ्यावा, गरज पडेल तितक्या वेळा घ्यावा. मुलगा सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी इस्टेट सांभाळावी. विश्वस्तांमध्ये टिळक, कुंभोजकर वगैरे मंडळी होती, आणि होते अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे.

खापर्ड्यांना आपल्याकडे दादासाहेब म्हणतात. जन्म १८५४ चा, अमरावतीत मोठी वकिली, राहणी अशी की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. म्हणजे त्या हिवाळ्यात चित्र असं: एक विश्वस्त तुरुंगात, दुसरा अमरावतीत मांडव घालण्याच्या गडबडीत, आणि पुण्यातल्या वाड्यात नुकतीच विधवा झालेली, कोवळ्या वयाची, दिवस भरत आलेली ताई महाराज. जानेवारी १८९८ मध्ये तिला मुलगा झाला. दोन महिन्यांत तो गेला.

इथे थांबून कायदा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल.

मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातल्या सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. तो मेला की हिस्सा बाकीच्यांकडे जाई. ही अडचण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० ने दूर केली. मग बाबा महाराजांना मृत्युपत्र कसं करता आलं? कारण हिस्सा मागणारा दुसरा सहदायाद नव्हता. म्हणून जुन्या काळातलं मृत्युपत्र हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा माणूस विभक्त होता का, एकटाच होता का? विभक्त नसेल तर त्या घराने 'मागची सोय' दुसऱ्या वाटेने केलेली असणार, आणि तुम्हाला तिकडे शोधायला जावं लागेल.

दुसरी गोष्ट दत्तकाची. आपल्या महाराष्ट्राकडच्या परंपरेत विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागत नसे, बंगालमध्ये ती लागे. पण नवऱ्याने मनाई केली किंवा अट घातली तर ती पाळावी लागे. इथे अट होती, विश्वस्तांची संमती. आणि दत्तक विधान झालं की विधवेच्या हातातली मिळकत दत्तक मुलाकडे जाई. तिला उरे अन्नवस्त्र आणि राहण्याची जागा. थोडक्यात, घराण्याचं नाव राखण्यासाठी तिने मुलगा मांडीवर घ्यायचा आणि त्याच क्षणी स्वतःचा हक्क सोडायचा. हे १९५६ नंतर बदललं. त्या वर्षीच्या दत्तक आणि पोटगी कायद्यात दत्तकाने आधीच कुणाकडे आलेली मिळकत काढून घेतली जाणार नाही असं आलं, आणि वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या हातातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. १८९८ मध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता ताई महाराजांच्या बाजूने बघा. इस्टेटीवर कर्ज होतं, विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली होती. दत्तक कोण येतो यावर तिचं उरलेलं आयुष्य अवलंबून होतं, आणि दत्तक ठरवणार होते तीन-चार पुरुष, त्यातला एक अमरावतीला, एक बराच काळ तुरुंगात. मराठी चरित्रांत ती 'लोकांच्या सांगण्यावरून फिरलेली मुलगी' म्हणून येते. सांगणारे लोक होतेच, ते नाकारत नाही. पण तिला स्वतःला काय हवं होतं हा प्रश्न या सगळ्या कागदांत फार थोड्यांनी विचारलाय, आणि तुम्ही विचारला तर त्यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले. पंडित घराण्याची निधोने शाखा तिकडची, त्यातला मुलगा बघायचा होता. विश्वस्तांचं म्हणणं, २८ जूनला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तक विधान तिथे झालं. ताई महाराज पुण्याला परतल्या आणि महिन्याभरात सगळं उलटलं. २९ जुलैला त्यांनी पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांच्याकडे प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज दिला. युक्तिवाद असा की नवऱ्याच्या मागे मुलगा जन्मला तेव्हाच मृत्युपत्राचं काम संपलं, मुलगा गेला तेव्हा त्याची वारस आई म्हणून मी आहे, विश्वस्तांचा आता संबंध काय? आणि १९ ऑगस्टला त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतले बाळा महाराज यांना दत्तक घेतलं.

एका घराला दोन दत्तक. वारस नसल्याची काळजी करून केलेल्या कागदातून दोन वारस उभे राहिले.

पुढची चौदाच्या आसपास वर्षांची कोर्टबाजी मी भराभर सांगतो, तपशील केळकरांच्या टिळक चरित्रात भरपूर मिळेल. एप्रिल १९०२ मध्ये अॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केलं आणि खोटी साक्ष वगैरे आरोपांवरून टिळकांवर फौजदारी काढली. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी अठरा महिन्यांची शिक्षा दिली. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स कोर्टात ती सहा महिन्यांवर आली. मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी टिळकांना निर्दोष सोडलं. हे झालं फौजदारी. दिवाणी दावा वेगळा, जगन्नाथाचं दत्तक खरं का? पुण्याच्या कोर्टाने १९०६ मध्ये म्हटलं, खरं. मुंबई हायकोर्टाने १९१० मध्ये म्हटलं, खोटं. न्यायाधीश चंदावरकर आणि हीटन होते, आणि टिळक तेव्हा मंडालेत. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा फिरवलं, दत्तक खरं. तोवर ताई महाराज हयात नव्हत्या.

संशोधक म्हणून तुम्ही यातून काय घ्यायचं? माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट ही, की तिन्ही कोर्टांपुढे प्रश्न एकच होता आणि अगदी साधा होता. त्या दिवशी औरंगाबादला मुलगा मांडीवर बसवला की नाही? दिला-घेतला का? कागद तेच, साक्षीदार तेच, आणि उत्तरं वेगळी. प्रिव्ही कौन्सिलने एका गोष्टीवर बोट ठेवलं: ज्या साक्षीदारांना खोटं ठरवलं, त्यांना उलटतपासणीत तो मुद्दा समोर ठेवून विचारलंच नव्हतं. वकील लोक आजही हा निकाल त्यासाठी वापरतात, 'टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' या नावाने. श्रीनिवास म्हणजे बाळा महाराज.

म्हणून निकालपत्र वाचताना ते 'घडलं काय' याचा अंतिम पुरावा म्हणून वाचू नका. निकाल म्हणजे एका न्यायाधीशाने त्या कागदांचं केलेलं वाचन. तुमचं वाचन वेगळं असू शकतं, फक्त ते कागदांवर उभं पाहिजे. आणि वरच्या कोर्टाचा निकाल छापील असतो म्हणून तोच वाचायचा, खालच्या कोर्टाची जबानी मात्र सोडायची, ही सवय आत्ताच मोडा. घरातलं बोलणं जबानीत असतं. वर जाता जाता त्याचं फक्त सार उरतं.

आणखी एक. खापर्डे दूर अमरावतीला होते, ही बाब इस्टेटीला त्रासाची असेल, इतिहासाला मात्र फायद्याची आहे. विश्वस्त एकाच गावात असले की ओसरीवर बसून बोलतात, कागद उरत नाही. दूर असले की पत्रं लिहितात. शिवाय खापर्ड्यांना रोजनिशी लिहायची सवय होती, इंग्रजीत. त्या डायऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे त्यांचा शिर्डीचा भाग तेवढा लोकप्रिय आहे. बाकीच्या डायऱ्यांत एका वऱ्हाडी वकिलाचं रोजचं जग आहे, तिकडे फार कमी विद्यार्थी फिरकतात.

कुणी विचारेल, बाबा महाराजांनी एवढी दत्तकाची भानगड ठेवण्यापेक्षा सरळ ट्रस्ट करून इस्टेट कायमची बांधून का टाकली नाही? कारण ते शक्यच नव्हतं. १८७२ मध्ये कलकत्त्याच्या टागोर घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं होतं की हिंदू माणसाला इंग्रजी पद्धतीने 'पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या मुलाकडे' अशी स्वतःच्या मनाची वारसा-रांग तयार करता येत नाही, आणि जन्मालाच न आलेल्या माणसाला देणगीही देता येत नाही. शिवाय खाजगी मिळकत अमर्याद काळ बांधून ठेवण्यावर कायद्याची बंदी होती, आजही आहे. मुसलमान घराण्यांची वाट निराळी, 'वक्फ अलल औलाद', म्हणजे वंशजांच्या पोषणासाठी वक्फ. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये असा एक वक्फ रद्द ठरवला आणि मोठी नाराजी झाली. जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा वक्फ वैधता कायदा आला. अचलपूर किंवा बाळापूरच्या जुन्या घराण्यांवर काम करणार असाल तर हा धागा हातातून सोडू नका.

कायमचं बांधून ठेवायचं असेल तर हिंदूंपुढे एक रस्ता उरे, देव. मिळकत देवाच्या नावाने करायची आणि वहिवाट घरात ठेवायची. देवळाचा खर्च निघे, उत्सव होई, आणि वाडा विकला जात नसे. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत देशमुखांच्या किंवा पाटलांच्या वाड्याला लागून देऊळ का असतं, याचं एक उत्तर भक्तीत आहे आणि एक इथे आहे. दोन्ही खरी असू शकतात. देवस्थान खाजगी की सार्वजनिक, हा वाद मग पुढच्या पिढीत निघतो, आणि वाद निघाला की पुन्हा कागद तयार होतात. १९५१ च्या मध्य प्रदेश सार्वजनिक विश्वस्त कायद्यात नोंदणीचं काम कलेक्टरकडे होतं, आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. पुढे मुंबईचा १९५० चा कायदा विदर्भाला लागू झाला आणि काम धर्मादाय आयुक्तांकडे आलं. म्हणजे जुन्या देवस्थानाची सुरुवातीची नोंद शोधायला नुसत्या धर्मादाय कार्यालयात जाऊन भागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आपले गाडगेबाबा. शेंडगावचा माणूस. नाशिक, पंढरपूर, आळंदी, जागोजागी धर्मशाळा उभ्या केल्या, लाखोंची मिळकत हातून गेली, आणि ती घरच्यांसाठी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ट्रस्टचा कायदा एकच, पण एक जण त्याने घर राखतो, दुसरा त्यानेच घराला दूर ठेवतो. विश्वस्तपत्र वाचताना लाभार्थी कोण आहे याच्याइतकंच, कुणाला मुद्दाम बाहेर ठेवलंय तेही शोधा.

आता वऱ्हाडात काम करताना एक खड्डा हमखास लागतो, तो आधीच दाखवतो. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आलं, पण मालकी निजामाची राहिली. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. तरी कागदावर तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. तिथे इंग्रजी कायदे आपोआप लागत नसत, सरकार अधिसूचना काढून लावत असे. १९४१ मध्ये तर 'बेरार लॉज अॅक्ट' करून बरेच कायदे एका झटक्यात लावले. त्यामुळे 'ट्रस्टचा कायदा १८८२ चा, म्हणून अकोल्यात १८८२ पासून' असं वाक्य प्रबंधात लिहू नका. तोंडी परीक्षेला जाणकार परीक्षक असेल तर तिथेच पकडेल. प्रत्येक कायद्याची वऱ्हाडातली तारीख वेगळी काढायची.

मृत्युपत्रांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. हिंदूंचं मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सहीचं पाहिजे, हा नियम ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे आला १ जानेवारी १९२७ पासून. त्याआधी तो बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता होता. आपल्यासारख्या मुलखात तोंडी मृत्युपत्र चालत असे. अकोला जिल्ह्यातल्या एका गावी एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, "आमच्या आज्यानं पाच लोकाईसमोर सांगतलं होतं, मंग कागद कायले पायजे?" हे ऐकून 'लोकांना कायदा माहीत नाही' अशी टीप लिहून मोकळं होऊ नका. आज्याच्या काळात पाच लोकांसमोर सांगणं हाच कायदा असू शकतो. अशी मृत्युपत्रं दप्तरात सापडणार नाहीत. ती सापडतात भांडण झालं तिथे, दिवाणी दाव्याच्या जबान्यांत आणि नागपूरच्या न्यायिक आयुक्तांच्या, १९३६ नंतर नागपूर हायकोर्टाच्या, निकालांत. ज्या घरात भांडण झालं नाही ते घर तुमच्या पुराव्यातून गळतं, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा. नाहीतर वऱ्हाडातली सगळी घरं भांडखोर होती असं वाटायला लागेल.

स्वातंत्र्यानंतर 'मागची सोय' कशासाठी करायची हेच बदललं. आधी भीती होती वंश बुडण्याची आणि सावकाराची. आता भीती आली सरकारी कमाल मर्यादेची. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. पण कायद्याने मागे जाऊन एक तारीख धरली, ४ ऑगस्ट १९५९. त्यानंतर कायदा चुकवायला केलेल्या वाटण्या आणि हस्तांतरणं मोजायची नाहीत. नंतर मर्यादा आणखी खाली आणली, जिरायत ५४ एकरांवर, तेव्हा २६ सप्टेंबर १९७० ते २ ऑक्टोबर १९७५ हा काळ असाच संशयाचा धरला. तुम्ही तहसीलमध्ये फेरफार नोंदी चाळत असाल आणि या तारखांच्या आसपास एकाच घराच्या वाटणी, बक्षीस, देवस्थानाला जमीन अशा नोंदी ओळीने दिसल्या, तर पेन्सिलीने खूण करा. त्या सगळ्या खोट्या असतात असं नाही. मुलं मोठी झाली म्हणून खरोखर वाटण्या झालेलीही घरं होतीच. पण नोंदीची तारीख आणि कायद्याची तारीख शेजारी मांडल्याशिवाय त्या वाटणीवर एक ओळही लिहू नये. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यातही शिक्षण, दवाखाना, गोशाळा, सार्वजनिक पूजास्थान अशा ट्रस्टच्या जमिनींना सवलत होती, तेही सोबत वाचा.

आणि मुली? या सगळ्या तजविजींत त्या कुठे दिसतात? बहुतेक वेळा सही करताना. हक्कसोडपत्रावर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, पण त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने २००५ मध्ये सगळ्यांना हक्क दिला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. हक्क जसजसा पक्का झाला तसतशी हक्कसोडपत्रं वाढली का, की आधी तोंडी सुटायचं ते आता कागदावर सुटायला लागलं? अमरावती जिल्ह्यातला एकच तालुका आणि १९८५ ते २०२० एवढा काळ घेतला तरी यावर ठोस काही सांगता येईल. भावाच्या घरून साडीचोळी घेऊन सही करून आलेल्या बायका अजून आहेत. त्यांच्याशी बोला, पण भाऊ समोर बसलेला नसताना.

सुरुवात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापासून करा. तिथे पुस्तक १ मध्ये स्थावर मिळकतीचे दस्त असतात: वाटणी, बक्षीस, हक्कसोड, जमिनीचं विश्वस्तपत्र. ते फी भरून कुणालाही बघता येतं. मृत्युपत्रं असतात पुस्तक ३ मध्ये. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून तिथे जे दिसेल ते पूर्ण चित्र नव्हे. पण त्याच पुस्तकात आणखी एका प्रकारचे दस्त नोंदवलेले असतात, दत्तक घेण्याचा अधिकार देणारे. नवरा बायकोला लिहून देतो की माझ्या मागे तू दत्तक घे, आणि कधी कधी कुणाच्या संमतीने घे तेही लिहितो. मृत्युपत्राबाहेर दिलेला असा अधिकार नोंदवणं १८७२ पासूनच्या दस्तांना सक्तीचं आहे, म्हणून ही मालिका मृत्युपत्रांपेक्षा भरवशाची आहे. पुस्तक ३ सरसकट चाळायला मिळत नाही. करून देणारा हयात नसेल तर नकलेसाठी कुणीही अर्ज करू शकतो, त्यामुळे आधी नाव आणि मृत्यूचं वर्ष काढून ठेवा, आणि अर्जासोबत मृत्यूचा दाखला न्या.